रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाय? आधी घरातल्या रेकॉर्ड बघा!

माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या रेकॉर्ड सापडल्या, किंवा रील्समध्ये फिरणारी काळी तबकडी बघून आपल्यालाही वाटलं की हे घरी हवं. कारण काहीही असो, सध्या अनेक तरुण मंडळी टर्नटेबलची चौकशी करताना दिसतात. रेकॉर्ड पुन्हा छापल्याही जात आहेत. २०२४मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू झाला.

अडचण पुढे येते. ऑनलाइन शोधलं की पाच हजारांपासून पाच लाखांपर्यंतची मशीन्स समोर येतात. सगळ्यांवर 'उत्कृष्ट आवाज' असंच लिहिलेलं असतं. सोलापूरसारख्या शहरात चार-पाच मशीन्स शेजारी ठेवून ऐकवणारं दुकान मिळणं अवघड. त्यामुळे बहुतेक जण फोटो बघूनच ऑर्डर देतात.

यात पैशांपेक्षा मोठी जोखीम रेकॉर्डची आहे. मशीन बदलता येतं, पण चुकीच्या सुईने घासली गेलेली जुनी रेकॉर्ड पूर्ववत करता येत नाही. म्हणून मशीन निवडण्याआधी काय बघायचं, ते एकेक करून समजून घेऊया.

तुमच्याकडे कोणत्या रेकॉर्ड आहेत?

सगळ्या काळ्या तबकड्या एकसारख्या नसतात. भारतीय घरांत प्रामुख्याने तीन प्रकार सापडतात.

पहिला प्रकार ७८ आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डचा. या बहुतेक १० इंची, जाड, जड असतात आणि हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटतात. त्या लाखेपासून, म्हणजे शेलॅकपासून बनवलेल्या असतात. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावतं. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेकांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिथपासून साठच्या दशकापर्यंत भारतात या रेकॉर्डचा बोलबाला होता. बालगंधर्वांची नाट्यगीतं, हिराबाई बडोदेकरांचं गाणं, जुन्या लावण्या हे सगळं मुळात ७८वर आलं.

दुसरा प्रकार एलपीचा. १२ इंची, विनाइल नावाच्या प्लास्टिकची, किंचित लवचीक आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ती १९४८मध्ये बाजारात आणली. एका बाजूला साधारण २० ते २५ मिनिटं मावत असल्याने ख्यालगायन प्रथमच ऐसपैस ऐकता येऊ लागलं.

तिसरा प्रकार सात इंची छोट्या रेकॉर्डचा. बहुतेक ४५ आरपीएमच्या असतात, पण काही सात इंची रेकॉर्ड ३३⅓वरही चालतात. त्यामुळे आकारावरून अंदाज न बांधता मधल्या लेबलवरचा आकडा वाचा.

सोलापुरातल्या घरांमध्ये मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू रेकॉर्डही निघू शकतात. भाषा कोणतीही असो, पेटी उघडल्यावर दोन ढीग करा: लाखेच्या वेगळ्या, विनाइलच्या वेगळ्या. मशीनची निवड या दोन ढिगांवरच अवलंबून आहे.

एकच सुई दोन्हींना का चालत नाही?

रेकॉर्डवर एक सलग चर असतो. गाण्याच्या कंपनांप्रमाणे त्याच्या भिंती नागमोडी कोरलेल्या असतात. सुईचं टोक त्या भिंतींना टेकून पुढे जातं, हलतं आणि त्या हालचालीचं विजेच्या सूक्ष्म संकेतात रूपांतर होतं.

७८च्या रेकॉर्डचा चर रुंद असतो. त्यासाठीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन असते. एलपीचा चर मात्र केसापेक्षाही बारीक असतो. तिथे साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. म्हणजे फरक जवळपास चौपटीचा आहे.

एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती भिंतींना नीट टेकत नाही, चराच्या तळाशी घरंगळते. तळाशी वर्षानुवर्षांची धूळ असते. गाणं कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, सुईही लवकर झिजते. उलट ७८ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती चरात उतरतच नाही, वरच्या कडा खरवडते. हे नुकसान कायमचं.

म्हणून 'तिन्ही स्पीड' असं खोक्यावर लिहिलेलं मशीन ७८साठी योग्य असेलच असं नाही. स्पीड आहे, पण सुई बदलता येते का, हा खरा प्रश्न विचारायला हवा.

टर्नटेबलचे भाग कोणते आणि कशाला महत्त्व द्यायचं?

प्लॅटर: रेकॉर्ड ज्यावर ठेवतो ती फिरती थाळी. जड थाळी एकदा फिरायला लागली की तिचा वेग सहसा डगमगत नाही.

मोटर: वेग स्थिर ठेवणं हे तिचं मुख्य काम. वेग हलला की सूर हलतो. पेटीचा किंवा व्हायोलिनचा लांबवलेला स्वर ऐकताना हा दोष पटकन कळतो. कंपन्या हे मोजमाप 'वाव अँड फ्लटर' या नावाने टक्क्यांत देतात. आकडा जितका लहान तितकं चांगलं. घरगुती मशीनमध्ये तो ०.२५ टक्क्यांच्या आत असावा.

टोनआर्म: सुई धरणारा हात. त्याच्या मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन असेल तर सुईचा रेकॉर्डवरचा दाब आपल्याला ठरवता येतो. चांगल्या मशीनची ही सर्वात सोपी खूण.

कार्ट्रिज: टोनआर्मच्या टोकाचा छोटा ठोकळा, ज्यात सुई बसवलेली असते. स्वस्त मशीनमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याच्या वरच्या दर्जाचं मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम. त्याही पुढचं मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी. सुरुवात करणाऱ्याने एमएम घ्यावं. ते परवडतं आणि बहुतेक मॉडेलमध्ये झिजलेली सुई घरच्या घरी काढून नवी बसवता येते.

सुटकेसवाला प्लेअर घ्यावा का?

छोट्या बॅगेसारखा दिसणारा, आतच स्पीकर असलेला हा प्लेअर दहा हजारांच्या आत मिळतो आणि भेट म्हणून खूप खपतो. दिसायला छान, हाताळायला सोपा. पण त्यातल्या बहुतेक मशीनमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि सुईचा दाब ५ ग्रॅमच्या आसपास असतो. तो कमी करण्याची सोय नसते. चांगल्या एमएम कार्ट्रिजला साधारण २ ग्रॅम पुरतात.

शिवाय स्पीकर त्याच खोक्यात असल्याने त्याची थरथर सुईपर्यंत पोहोचते. आवाज वाढवला की सुई उडते. प्लॅटर रेकॉर्डपेक्षा लहान असल्याने एलपीच्या कडा अधांतरी राहतात.

अशा मशीनवर एकदा लावली म्हणून रेकॉर्ड लगेच बाद होत नाही. बाजारातून स्वस्तात आणलेल्या रेकॉर्ड गंमत म्हणून ऐकायच्या असतील तर चालेल. पण घरातली एकमेव 'अभंगवाणी' किंवा गीतरामायणाचा संच त्यावर रोज लावू नये.

बेल्ट ड्राइव्ह की डायरेक्ट ड्राइव्ह?

बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने थाळी फिरवते. मोटरची थरथर पट्ट्यातच बरीचशी जिरते. मात्र रबर काही वर्षांनी सैल पडतं आणि बदलावं लागतं.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये थाळी थेट मोटरवरच फिरते. ती लगेच वेग पकडते आणि देखभाल कमी लागते. टेक्निक्स कंपनीचं १९७२मध्ये आलेलं एसएल-१२०० हे याचं गाजलेलं उदाहरण. डीजे मंडळींनी ते जगभर पोहोचवलं. २०१०मध्ये बंद झालेली ही मालिका कंपनीला २०१६मध्ये पुन्हा सुरू करावी लागली.

घरी ऐकण्यासाठी दोन्ही प्रकार चांगले आहेत. केवळ या एका मुद्द्यावर निर्णय घेऊ नका.

फोनो प्रीअँप म्हणजे काय?

एमएम कार्ट्रिजमधून येणारा संकेत अगदी दुबळा असतो, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. तो थेट स्पीकरला जोडला तर आवाज ऐकूच येणार नाही म्हणा ना! शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तीव्र स्वर वाढवलेले असतात. असं केल्याने चर आटोपशीर राहतो आणि खरखर कमी होते. ऐकताना त्याच्या बरोबर उलट प्रक्रिया करावी लागते. या नियमाला 'आरआयएए' म्हणतात आणि १९५४पासून तो सर्वमान्य झाला.

ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. तो तीन ठिकाणी असू शकतो: टर्नटेबलच्या आत, अँप्लिफायरवरच्या 'फोनो' खाचेत किंवा वेगळ्या छोट्या डबीत. तीनपैकी एकच वापरायचा. दोन एकावर एक लागले तर आवाज फाटतो. ज्या टर्नटेबलला 'फोनो-लाइन' बटण आहे ते नवशिक्यासाठी सोयीचं.

बहुतांश ७८ रेकॉर्ड हा नियम ठरण्याआधीच्या आहेत. त्यामुळे आजच्या प्रीअँपवर त्यांचा आवाज थोडा वेगळा लागतो. अशा वेळी अँपवरचं बास-ट्रेबल कानाला पटेल तसं फिरवायला हरकत नाही.

अमेरिकेतून आणलेलं मशीन इथे चालेल का?

सोलापुरातल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी परदेशात असतं. येताना टर्नटेबल घेऊन ये, असं सांगण्याआधी एक गोष्ट तपासा.

अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो हर्ट्झ बदलत नाही. जुन्या आणि काही नव्या मशीनमधल्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग मात्र या हर्ट्झवरच ठरतो. अशी मोटर इथे पाच-षष्ठांश वेगाने फिरेल. म्हणजे ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. सूर जवळपास तीन अर्ध्या स्वरांनी खाली येईल. काळी चारमधलं गाणं पांढरी चारच्या जवळपास ऐकू येईल आणि लयही रेंगाळेल.

ज्या मशीनला मोबाइल चार्जरसारखा डीसी अडॅप्टर असतो, तिथे ही अडचण सहसा येत नाही. अडॅप्टरवर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असेल तर निर्धास्त राहा.

वेग बरोबर आहे का, हे घरी कसं मोजायचं?

यासाठी कुठलंही यंत्र नको. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा छोटा तुकडा ठेवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावा. ३३⅓च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. ४५ला १३५ आणि ७८ला २३४. सुई रेकॉर्डवर ठेवून मोजलं तर निकाल अधिक खरा. एखाद-दुसरा फेरा पुढेमागे झाला तर तो एक-दोन टक्क्यांचा फरक. नवं मशीन असेल तर तेवढाही चालवून घेऊ नका. बऱ्याच मशीनला वेग जुळवण्याचा स्क्रू किंवा बटण असतं, ते आधी वापरून बघा.

जुनं मशीन किंवा कर्ण्याचा ग्रामोफोन?

मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन दिसतात. त्यातले अनेक नव्याने जोडलेल्या नकला असतात. शोभेसाठी ठीक, ऐकण्यासाठी नाही.

खरा चावीचा ग्रामोफोन असला तरी त्याच्या साउंडबॉक्सचं वजन १०० ग्रॅमच्या पुढे असतं. त्यावर फक्त ७८ लावायच्या आणि पोलादी सुई दर बाजूला बदलायची. लाखेच्या रेकॉर्डमध्ये खनिजाची बारीक पूड मिसळलेली असते, ती सुईचं टोक झिजवते. तीच सुई पुन्हा वापरली तर झिजलेलं टोक चर कापत जातं. विनाइलची एलपी अशा मशीनवर एकदाही लावू नका.

एचएमव्ही फिएस्टा किंवा फिलिप्सचे सत्तरीतले प्लेअर अजूनही अनेक घरांत आहेत. आठवण म्हणून ते जरूर दुरुस्त करा. पण चालू करण्याआधी सुई भिंगाखाली बघून घ्या. ती तुटकी असेल तर पहिल्याच गाण्यात घात करते.

मग कोणतं घ्यायचं?

फक्त एलपी आणि ४५ ऐकायच्या असतील, बजेट मर्यादित असेल: ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६०एक्स यासारखं ऑटोमॅटिक मशीन. बटण दाबलं की हात आपोआप जातो, गाणं संपलं की परत येतो. प्रीअँप आतच आहे. मात्र त्यावर ७८चा वेग नाही आणि सुईचा दाब बदलता येत नाही.

७८सुद्धा असतील: एटी-एलपी१२०एक्स यासारखं तिन्ही वेगांचं, मागे फिरतं वजन असलेलं डायरेक्ट ड्राइव्ह मशीन. त्यावर येणाऱ्या कार्ट्रिजच्या मालिकेत ७८साठीची वेगळी सुईही मिळते. रेकॉर्ड बदलली की सुई बदलायची आणि त्या सुईसाठी सांगितलेला दाब लावायचा. यूएसबी असल्याने घरातल्या रेकॉर्ड संगणकात उतरवूनही ठेवता येतात. जुन्या ७८चा संग्रह असलेल्यांसाठी ही सोय सर्वात मोलाची, कारण एकदा नीट उतरवलं की मूळ रेकॉर्ड वारंवार लावावी लागत नाही.

फक्त एलपी, पण आवाजाशी तडजोड नको: रेगा प्लॅनर १ यासारखं साधं दिसणारं, हाताने चालवायचं बेल्ट ड्राइव्ह मशीन. त्यात प्रीअँप नसतो, त्याचा खर्च वेगळा धरा.

सगळं बजेट टर्नटेबलवर संपवू नका. सुमार स्पीकरला उत्तम टर्नटेबल जोडून उपयोग नाही. निम्मी रक्कम स्पीकर आणि अँपसाठी राखून ठेवा. मुंबईला जाणं होणार असेल तर माहीमच्या द रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या ठिकाणी आधी ऐकून बघा. ७८च्या जाणकारांसाठी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९०पासून मुंबईत काम करते आहे.

सोलापूरच्या हवेत काय काळजी घ्यायची?

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर विनाइल वाकतं. रेकॉर्ड खालच्या मजल्यावर, भिंतीच्या आतल्या बाजूला आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात, लाखेच्या तडकतात.

कोरड्या हवेत विनाइलवर स्थिर वीज जमते आणि धूळ चिकटते. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर कापसाचे तंतूही येतात. कार्बन फायबरचा ब्रश घ्या आणि प्रत्येक वेळी रेकॉर्ड लावण्याआधी फिरवा. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला कितीही उत्तम असला तरी रेकॉर्डवर वापरू नका, त्याचे धागे चरात अडकतात. मायक्रोफायबरचं कापड बरं.

धुवायची असेल तर नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार वाळून चरात बसतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा. विनाइलसाठी त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते. कोणत्याही रेकॉर्डचं लेबल भिजू देऊ नका.

टर्नटेबल सपाट आणि जड टेबलावर ठेवा, स्पीकर त्याच टेबलावर नकोत. स्पीकरमधून सतत 'हम्म' असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर अँपला जोडली आहे का ते बघा आणि घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

पैसे देण्याआधी हे विचारा

- सुई बदलता येते का? बदली सुई भारतात मिळते का आणि केवढ्याला?
- सुईचा दाब किती आहे आणि तो बदलता येतो का?
- कोणते वेग आहेत? ७८ असेल तर त्याची सुई वेगळी मिळते का?
- प्रीअँप आत आहे की वेगळा घ्यावा लागेल?
- वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालते का?
- बिघडलं तर दुरुस्ती कुठे होईल? कुरिअरचा खर्च कोण करणार?
- मूळ खोकं आणि थर्माकोल मिळेल का? मशीन पुन्हा पाठवायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

सुई कायम टिकत नाही हेही लक्षात असू द्या. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य तिच्या आकारानुसार आणि कंपनीनुसार साधारण ३०० ते १,००० तासांचं असतं. रोज एक एलपी ऐकली तरी एक ते चार वर्षांत ती बदलावी लागेल. 'स' आणि 'श' फुटल्यासारखे ऐकू यायला लागले की आधी सुई स्वच्छ करून बघा. तरीही तसंच राहिलं तर नवी सुई मागवा आणि ती येईपर्यंत रेकॉर्ड पाकिटातच ठेवा.